दत्ताभाऊंच्या लॅपटॉपवरचा दुष्काळ

किस्से काही कुणी ठरवून घडवत नाही. रोज त्याच टेबलावर तेच चार डबे उघडत राहिले की ते आपोआप साचत जातात, फ्रिजमागं धूळ साचते तसे. आणि त्या चार डब्यांत एक डबा दत्ताभाऊंचा असला की संपलंच! मागचा किस्सा सांगून होत नाही तोवर पुढचा तयार.

आमची कंपनी वाळूजला. गाड्यांना लागणारे पत्र्याचे पार्ट बनवतो आम्ही. सलीमभाई मेंटेनन्सला, वयानं मोठे, आमचे कॅप्टन. बंद पडलेली मशीन त्यांचा नुसता आवाज ऐकून चालू होते. प्रशिक डिझाइनला, वयानं सगळ्यात लहान आणि जिभेनं सगळ्यात मोठा. मी वैशाली, क्वालिटीला. लोकांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो, आणि घरी मी तेच काम फुकट करते असं नवरा म्हणतो. चौथे दत्ताभाऊ, परचेसला.

रविवारी सकाळी आम्ही चौघं आपापले लॅपटॉप घेऊन सिडकोत दत्ताभाऊंच्या घरी जमतो आणि गेम खेळतो. हसू नका! चौघांनी मिळून दुसऱ्या चौघांशी लढायचं. शेतं, विहिरी, पडकी घरं असतात. लपायचं, नेम धरायचा, आणि शेवटी ज्या बाजूचा माणूस उभा राहील ती बाजू जिंकली. ही चौकडी जमवली कुणी, तर दत्ताभाऊंनी. पहिला लॅपटॉप त्यांनीच आणला, आम्हाला खेळायला त्यांनीच शिकवलं, आणि दर रविवारचे पोहेही त्यांच्याच घरचे. त्यामुळं पुढं त्यांनाच चौकडीतून काढायचं घाटलं तेव्हा मी किती भांडले ते सांगतेच. पण आधी लॅपटॉप कसा घेतला ते ऐका.

*

दत्ताभाऊंचा जुना लॅपटॉप मेला. नवा घ्यायला क्रांती चौकातल्या एका दुकानात गेलो. मला कशाला नेलं? तर म्हणे, क्वालिटीची बाई बरोबर असली की दुकानदार नीट बोलतो.

तिथल्या पोरानं पहिला लॅपटॉप पुढं ठेवला. चांगला जाडजूड, वजनदार, खास गेमसाठीचा. दत्ताभाऊंनी तो उचलला, तोंड वाकडं केलं आणि खिशातून जाडी मोजायचा व्हर्निअर काढला!

तुम्हाला सांगते, आमच्या परचेसच्या माणसाच्या खिशात पेन नसेल पण व्हर्निअर असतोच. सप्लायर पत्र्याच्या जाडीत फसवतात ना, म्हणून आला माल की लाव व्हर्निअर, अशी त्यांची सवय. दुकानातले सगळे लॅपटॉप त्यांनी एकेक करून मोजले. शेवटी एक अगदी चपटा, चंदेरी लॅपटॉप त्यांच्या मनात भरला.

"सर, हा दिसायला छान आहे," पोरगा बिचारा प्रामाणिक होता, "पण यात ग्राफिक्स मेमरी कमी आहे. म्हणजे गेममधली चित्रं काढायला जागा कमी. मोठी गेम यावर अडखळेल."

"मॅडम, बघा," दत्ताभाऊ मला म्हणाले, "पत्रा जेवढा पातळ तेवढा भाव जास्त. जाड पत्रा कुणीबी लाटतंय. पातळ काढायला मशीन चांगली लागती!"

"दत्ताभाऊ," मी म्हटलं, "आपण ताटं घ्यायला आलो नाही!"

पण ऐकतील तर ते दत्ताभाऊ कसले. "फिनिशिंग बघा हो," म्हणाले, आणि तोच घेऊन आले.

*

घरी जाऊन आधी मोबाइल रिकामा करून फोटो लॅपटॉपवर घेतले, मग गेम सुरू केली तर पडद्यावर सूचना आली, ग्राफिक्स मेमरी अपुरी आहे.

कुणाला विचारावं की नाही? प्रशिक एका फोनच्या अंतरावर होता. पण दत्ताभाऊंनी विचार केला, जागा नाही म्हणतोय ना, मग अडगळ काढू. आणि मोबाइलमधून उतरवून ठेवलेले सगळे फोटो उडवून टाकले! सूचना काही हलली नाही. जशी होती तशीच.

दोन दिवसांनी सुनीतावहिनी वेरूळच्या सहलीतले त्यांच्या वडिलांचे फोटो शोधायला लागल्या. निवृत्तीमामा, म्हणजे दत्ताभाऊंचे सासरे, कन्नडकडं गावी असतात. चांगली शेती आहे, आणि फोटोला उभं राहायचं म्हटलं की त्यांना संकट वाटतं. महत्प्रयासानं काढलेले फोटो होते ते.

मग काय! पुढच्या आठवड्यात सगळी वरात परत वेरूळला. वहिनींचा हुकूम होता, तेच कपडे, तीच टोपी, तीच जागा. मामांना लेण्यातल्या दगडी हत्तीपाशी उभं केलं. ऊन मी म्हणत होतं.

"मागच्या टायमाला मी इथं हसलो होतो का गं?" मामांनी विचारलं.

"हसला होता की, अण्णा," वहिनी म्हणाल्या.

"मग आता कशावर हसू? कायतरी कारण पाहिजे का नाय?"

दत्ताभाऊ मोबाइल धरून म्हणाले, "मामा, माझ्याकडं बघा."

मामा त्यांच्याकडं बघून इतके हसले की म्हणे हा फोटो आधीपेक्षा चांगला आला!

*

शेवटी प्रशिक बसला दुरुस्तीला. लॅपटॉपला झेपेना ते एकेक बंद करत गेला. सावल्या बंद. ढग बंद. पाण्याच्या लाटा बंद. झाडांची पानं बंद. गवत बंद. आणि काय आश्चर्य, गेम चालू झाली!

आम्ही सगळे बघायला वाकलो. अरे देवा! आमच्या पडद्यांवर तीच जागा कशी हिरवीगार, गुडघ्याएवढं गवत वाऱ्यावर हलतंय. दत्ताभाऊंच्या पडद्यावर नुसती तपकिरी जमीन. झाडं म्हणजे खराटे. विहिरीत पाणी म्हणजे राखाडी पत्रा. माणसांना नाक-डोळे नाहीत.

"मियाँ," सलीमभाई म्हणाले, "हे गेम आहे का दुष्काळाचा पाहणी दौरा?"

"भाऊ, टँकर मागवा," प्रशिक म्हणाला, "जनावरांच्या छावण्या उघडा!"

तेव्हापासून त्या लॅपटॉपचं नाव दुष्काळ पडलं. दत्ताभाऊसुद्धा हसले. माणूस मोठ्या मनाचा.

पण खेळताना पंचाईत व्हायला लागली. सलीमभाईंचा आयुष्यभराचा डाव एकच आहे, गवतात पालथं पडून राहायचं आणि शत्रू जवळ आला की उडवायचा. ते ओरडायचे, "दत्ताभाऊ, गवतात झोपा!"

"कुठलं गवत?"

"अरे तुमच्या पायाखाली आहे!"

"मला नाय दिसत. उघड्या रानात पालथं पडायला लाज वाटती हो!"

त्यात आणखी एक भानगड. बॉम्ब फुटायला लागले की दुष्काळाला तेवढी चित्रं काढवत नसत, आणि तो जागच्या जागी थिजायचा. हाणामारी संपली की दत्ताभाऊ शुद्धीवर यायचे, तोवर मेलेले असायचे. म्हणून सलीमभाईंनी त्यांना कायमची ड्यूटी लावून दिली. लढाईच्या जवळ फिरकायचं नाही. मागं विहिरीपाशी थांबायचं, कुणी जखमी झालं की पट्टी बांधायची.

बिचारे बांधायचे. आणि पट्टी बांधताना दरवेळी विचारायचे, "जेवलात का?"

*

मे महिना लागला आणि नवीनच नाटक. चपट्या अंगाचा लॅपटॉप, त्याला उष्णता सोसेना. दहा मिनिटं गेम चालली की तव्यासारखा तापायचा आणि गेम गोगलगायीसारखी सरकायची.

दत्ताभाऊंनी उपाय काढला. लॅपटॉप दोन उलट्या वाट्यांवर उचलून ठेवला, आणि घरातला एकुलता एक कूलर त्याच्या तोंडाला लावला! झक्कास चालायला लागला. माणसं मात्र उकडून निघाली.

नेमके त्याच वेळी निवृत्तीमामा गुडघा दाखवायला येऊन राहिले होते. कोपऱ्यात बसून पेपरनं वारा घेत होते. बराच वेळ बघितलं, मग म्हणाले, "जावईबापू, तब्येत ह्याची बिघडली का माझी?"

त्यात त्या लॅपटॉपच्या आतला पंखा. एवढ्याशा जागेत एवढासा पंखा, पण आवाज काय! घर्रर्र करून जो सुटायचा, की शेजारच्या काकू एकदा दारात हजर. हातात शेंगदाण्याचा डबा.

"सुनीता, मिक्सर चालूच आहे तर माझं पण थोडं कूट काढून दे गं!"

*

आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा घरातल्या सगळ्यांना हातातलं टाकून पळावं लागतं. हे शहराबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही.

एका रविवारी दुसऱ्या एका कंपनीच्या टीमशी मॅच लावली होती. ते त्यांच्या घरी, आम्ही दत्ताभाऊंच्या. कानाला हेडफोन, एकमेकांचे आवाज ऐकू येतायत. मॅच अशी रंगली होती म्हणून सांगू! मी एका भिंतीआड, समोर त्यांचा एक गडी, दोघांचेही नेम लागलेले.

तेवढ्यात सुनीतावहिनींची आरोळी आली, "पाणी आलंऽऽ!"

दत्ताभाऊ उठून पळाले. प्रशिक बादली घेऊन पळाला. सलीमभाई मोटर लावायला धावले, मेंटेनन्सचा माणूस ना. मला वाटलं, गेली मॅच, आता समोरचा मला उडवणार. पण तो उडवेना. नुसता उभा.

मग हेडफोनमधून पलीकडची बाई ऐकू आली, "अहो, गेम काय खेळताय, सिडकोत पाणी आलंय म्हणतायत! आपला नळ बघा!"

धडाधडा खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. पाऊण तास आठी खेळाडू रणांगणात पुतळ्यासारखे उभे होते. टाक्या भरल्यावर सगळे परत आले, एकमेकांना "भरलं का?" विचारलं, आणि मग गोळीबार सुरू झाला!

*

आता तो भांडणाचा किस्सा.

वाळूजच्या कंपन्यांची स्पर्धा जाहीर झाली. टीम चौघांचीच. आणि आमच्याकडं नुकताच अथर्व नावाचा पोरगा जॉईन झाला होता, पुण्याचा. त्याच्याकडं गेमचा दांडगा लॅपटॉप. कीबोर्डवर लाल-निळे दिवे लागायचे, नवरात्रातल्या मंडपासारखे.

जेवणाच्या सुट्टीत सलीमभाई घसा खाकरून म्हणाले, "दत्ताभाऊ, दिल पे मत लेना. स्पर्धेला अथर्वला घेतो. तुमचं मशीन साथ देत नाही."

आमच्या टेबलावर रिवाज आहे. दत्ताभाऊ आधी ठेच्याची डबी उघडतात आणि सगळ्यांकडं फिरवतात, मगच पहिला घास. त्या दिवशी डबी उघडलीच नाही. झाकणावर बोट फिरवत बसले.

"बरोबर आहे तुमचं," म्हणाले. "फक्त एक सांगा. सरावाला रविवारी अथर्वकडं जमायचं असंल ना आता? मग रविवारी मी करू काय?"

मला असा राग आला की सांगता सोय नाही!

"सलीमभाई, मशीन कमी पडली म्हणून ऑपरेटरला घरी पाठवता का तुम्ही? मग मेंटेनन्स कशाला ठेवलंय कंपनीनं? चौकडी यांनी जमवली, पोहे यांच्या घरचे खाल्ले, आणि आता कालचा पोरगा दिवे लावून आला तर हे बाहेर?"

"मॅडम, मॅच है. जिंकायला नक्को का?"

"नक्को! असं जिंकणं नक्को!"

पण कॅप्टन ते, निर्णय त्यांचा. दत्ताभाऊ उठून गेले. प्रशिकसुद्धा गप्प होता. प्रशिक गप्प म्हणजे बघा.

*

स्पर्धा रविवारी. शनिवारी संध्याकाळी सलीमभाईंना पुण्याहून अथर्वचा फोन आला. आईनं बोलावून घेतलं होतं, रविवारी मुलगी बघायचा कार्यक्रम ठरलाय, येऊ शकत नाही.

"एवढा मोठा लॅपटॉप असून मुलगी बघायला पुण्याला जावं लागतंय!" प्रशिकची जीभ परत आली.

रविवारी सकाळी सलीमभाई आमच्यासकट दत्ताभाऊंच्या दारात. वहिनींनी दार उघडलं, आणि तोंडाला येईल ते सगळं सुनावलं. "आता आठवण झाली का? आठवडाभर माणूस नीट जेवला नाही!" सलीमभाई मान खाली घालून ऐकत होते. आवाजानं मशीन चालू करणारा माणूस, पण एक शब्द बोलला नाही.

आत लॅपटॉप मिटलेला. कूलरचं तोंड माणसांकडं. निवृत्तीमामा हवेत बसलेले, पण चेहरा पडलेला.

"घेऊन जा बाबा याला," मामा म्हणाले. "ह्या कूलरची हवा अंगाला लागंना झालीय."

सलीमभाईंनी दत्ताभाऊंचा हात धरला. "गलती झाली माझी. चला. आपण चौघं हरलो तरी चालंल."

दत्ताभाऊंचे डोळे भरून आले. माझेही, लपवते कशाला! पण लगेच चिंता सुरू. "अहो, पण तिथं कूलर नसला तर? हा तापतो."

मामांनी टोपी चढवली, पेपरची घडी काखेत मारली. "मी येतो वारा घालायला."

*

हॉल गच्च भरला होता. पडत धडपडत आम्ही फायनलला पोहोचलो. दत्ताभाऊ दर मॅचला मागं विहिरीपाशी उभे राहून पट्ट्या बांधत होते, आणि मामा खुर्चीमागं उभं राहून लॅपटॉपला पेपरनं वारा घालत होते. लोक हसत होते. हसू द्या!

फायनलला समोर कोण, तर काळ्या टी-शर्टवाली टीम. चौघांकडं चार दांडगे लॅपटॉप, सगळ्यांचे दिवे लागलेले. त्यांच्या कॅप्टननं दुष्काळाकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, हिशोब करायला आणलाय का?"

दत्ताभाऊ नुसते हसले.

मॅच सुरू झाली. त्यांचा एक गडी प्रशिकनं सुरुवातीलाच उडवला. आम्ही जोरात आलो. आणि मग बाकीचे तिघं गायबच झाले. पुढं मोठं माळरान, माझ्या पडद्यावर नुसतं हिरवं गवत, सळसळ हलतंय, माणूस दिसेना. कुठून तरी गोळी आली, प्रशिक गेला. मी वळून बघेपर्यंत मी गेले. सलीमभाई गवतात पालथे पडायला गेले, तर पडता पडताच गेले! ज्या डावानं आयुष्यभर खेळले त्याच डावात माणूस फसला.

उरले एकटे दत्ताभाऊ. मागं, विहिरीपाशी, हातात पट्ट्या.

सलीमभाईंनी डोक्याला हात लावला. मेलेले आम्ही तिघं उठून दत्ताभाऊंच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिलो, शेवट बघायला. काळ्या टी-शर्टवाले आरामात टेकून बसले होते. मामांच्या पेपरचा तेवढा फटफट आवाज.

दत्ताभाऊंनी पट्ट्या ठेवून बंदूक घेतली आणि विहिरीच्या काठावरून माळरानाकडं बघितलं. तपकिरी, उघडंबोडकं, एक काडी नाही.

मामांचा हात थांबला. चष्मा सावरून ते पडद्याजवळ वाकले.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "ते तिघं एवढ्या उन्हात पालथे का पडलेत?"

"मला बी तेच समजंना, मामा," दत्ताभाऊ म्हणाले.

आणि शांतपणे, पत्रा मोजावा तसा नेम धरून, एक उडवला. दुसरा उडवला. तिसऱ्याला बिचाऱ्याला कळलंच नाही की कुणी आपल्याकडं बघतंय, तो तसाच पडून राहिला. तोही उडवला!

हॉलमध्ये जो दंगा झाला! प्रशिक टेबलावर चढला. सलीमभाईंनी दत्ताभाऊंना खुर्चीसकट उचललं. मामा टोपी उडवत होते आणि मी कुणाच्या गळ्यात पडून रडत होते ते मला आजही माहीत नाही.

तेवढ्यात काळ्या टी-शर्टवाला कॅप्टन गर्दी हटवत आला. तोंड लालबुंद.

"काका, चीटिंग केली तुम्ही! आम्ही तिघंही एवढ्या दाट गवतात झोपलो होतो. तुम्हाला दिसलोच कसे?"

दत्ताभाऊंनी त्याच्याकडं नीट बघितलं. मग खिशातून ठेच्याची डबी काढली आणि उघडून त्याच्यापुढं धरली.

"कुठलं गवत, भाऊ?"